कमी उंचीच्या चालकासाठी गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल कसं जुळवायचं

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या एका ताईंची उंची पाच फूट, म्हणजे १५२ सेंमी. वजन ४८ किलो, बुटाचा नंबर ४. भावाची १५० सीसीची गाडी आता त्या चालवतात. पुढे डिस्क, मागे ड्रम, गिअर लिव्हर टाच-पंजाचा, एक गिअर खाली आणि चार वर. रोज विजयनगरपर्यंत जाणं-येणं असतं. थांबल्यावर दोन्ही पायांचे पंजे टेकतात, पण गिअर बदलताना डावा पाय दर वेळी फूटरेस्टवरून उचलावा लागतो आणि उजवा पाय ब्रेकवर नेला की टाच अधांतरी राहते. संध्याकाळी नडगी भरून येते. मिस्त्रीने सीटचा फोम कापायला आणि लिव्हर गरम करून वाकवायला सांगितलं आहे. त्या विचारतात, दोन्ही करून घेऊ का?

ताई, दोन्ही कामं सध्या थांबवा. तुमचे पंजे टेकत आहेत, म्हणजे सीटच्या उंचीची अडचण मोठी नाही. त्रास आहे तो फूटरेस्टच्या पुढच्या आठ-दहा इंचांत, आणि तो बराचसा दहाच्या आणि बाराच्या पान्याने सुटतो. या दुरुस्तीत एकच गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवायची: तळवा फूटरेस्टवर टेकलेला असताना फक्त घोटा हलवून गिअरही पडला पाहिजे आणि ब्रेकही लागला पाहिजे. पाय उचलावा लागतो आहे तोपर्यंत काम पूर्ण झालेलं नाही.

असं का होतं, ते आधी पाहू. कंपनीतून गाडी येते ती साधारण मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या पायाला जुळवलेली. आठ नंबरच्या बुटातला पाय सुमारे २७ सेंमीचा, चार नंबरचा सुमारे २३ सेंमीचा. फरक चार सेंमीचा. त्यातला काही टाचेकडे जातो, पण फूटरेस्टच्या पुढे पायाचा जो भाग येतो तोच दोन-अडीच सेंमीने कमी पडतो, आणि लिव्हरचं रबर नेमकं त्या अंतरावर असतं. दुसरी गोष्ट कोनाची. सीट ते फूटरेस्ट हे अंतर गाडीत ठरलेलं आहे. पाय आखूड असला की गुडघा कमी वाकतो आणि पंजा आपोआप खालच्या बाजूला झुकतो. उंच माणसाचा पंजा जिथे सरळ असतो तिथे तुमचा खाली असतो, म्हणून त्याला योग्य असलेला लिव्हर तुम्हाला उंच वाटतो. घोटा खाली साधारण ५० अंश जातो, वर मात्र २० अंशांच्या आसपासच. ज्या बाजूला जागा कमी, त्याच बाजूला तुम्ही दिवसभर पंजा ताणून धरता. नडगीपुढचा स्नायू भरून येतो तो यामुळे.

सीटच्या उंचीबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते, कारण कमी उंचीच्या लोकांना सगळे आधी ‘बुटकी गाडी घ्या’ असं सांगतात. बजाज अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिमी, रॉयल एनफील्ड मीटिऑरची ७६५, स्प्लेंडरची ७८५, क्लासिक ३५० ची ८०५. आकडे पाहिले तर अ‍ॅव्हेंजर आणि मीटिऑर सगळ्यात सोप्या वाटतात, आणि थांबल्यावर त्या सोप्या आहेतही. पण या दोन्हींचे फूटरेस्ट पुढे आहेत. पाच फुटी माणसाला ब्रेकपर्यंत पोचायला गुडघा जवळजवळ सरळ करावा लागतो, कंबर पुढे घसरते. पाय जमिनीला टेकणं वेगळं आणि पाय पेडलला पोचणं वेगळं. गाडी बघायला जाल तेव्हा शोरूममध्ये मेन स्टँडवर बसून पूर्ण ब्रेक दाबून बघा, नुसते पाय टेकवून उतरू नका.

आता मोजणी. रोज घालता तेच बूट घाला. तळ दोन सेंमी जाड असलेला बूट आणि पातळ कॅनव्हास यांत लिव्हरची जागा बदलते, त्यामुळे चपलेवर जुळवून नंतर बूट घातलेत तर सगळी मेहनत वाया जाते. गाडी मेन स्टँडवर घ्या, एकाला हँडल धरायला सांगा, इंजिन बंद. शिंपी वापरतात तो खडू घ्या आणि लिव्हरच्या पुढच्या रबरावर व ब्रेक पेडलच्या पट्टीवर भरपूर चोळा. नेहमीसारख्या बसा, हँडल धरा, समोर बघा आणि दहा वेळा गिअर बदला, दहा वेळा ब्रेक दाबा. मागचं चाक कोणीतरी हाताने फिरवत राहिलं पाहिजे. बंद गाडीत चाक स्थिर असेल तर गिअरचे दाते एकमेकांत बसत नाहीत आणि लिव्हर अडकल्यासारखा वाटतो.

मग खाली उतरून बूट बघा. खडूचा पट्टा अंगठ्याच्या मुळापासून अंगठ्याच्या मध्यापर्यंत असेल तर अंतर बरोबर. बुटाच्या अगदी टोकाला, शिलाईच्या पुढे असेल तर लिव्हर लांब आहे. पट्टा बुटाच्या लेसजवळ असेल तर लिव्हर फार जवळ, पण तुमच्या बाबतीत तसं निघणार नाही. बुटाच्या वरच्या बाजूला खडू अजिबातच नसेल तर तुम्ही पंज्याने उचलून गिअर टाकतच नाही, टाचेने दाबता. त्याचाही विचार पुढे आहे. हा खडूचा पट्टा लक्षात ठेवा. प्रत्येक बदलानंतर बूट पुसून पुन्हा हेच करायचं.

पाना हातात घेण्याआधी क्रम. आधी बसण्याची जागा, मग हँडल, मग पाय. हँडल लांब पडतं म्हणून कमी उंचीची माणसं टाकीला चिकटून बसतात, आणि पुढे सरकलं की गुडघा आणि घोटा दोन्हींचे कोन बदलतात. हँडलचे क्लॅम्प सैल करून ते स्वतःकडे थोडं फिरवा. आठ-दहा मिमीनेही फरक जाणवतो. पूर्ण वळवून बघा, हात किंवा क्लचची तार टाकीला अडता कामा नये. मागचे शॉकअप सर्वांत मऊ खाचेवर आणा. ४८ किलोला कडक स्प्रिंग दबतच नाही. फोम कापायचाच असेल तर उंचीपेक्षा पुढची रुंदी कमी करा, सीटच्या नाकाजवळच्या दोन्ही कडा तासून घ्या. मांड्या जवळ आल्या की पाय सरळ खाली जातात, गादीही शिल्लक राहते. पण यातलं जे काही करायचं ते लिव्हर जुळवण्याआधी. नंतर सीट कापली तर पायाचं सगळं पुन्हा करावं लागतं.

पुढच्या शॉकअपचे क्लॅम्प ढिले करून गाडी पुढून खाली घेणं किंवा स्प्रिंग कापणं यात पडूच नका. तसं केलं की साइड स्टँडवर गाडी जवळजवळ उभी राहते आणि जरा धक्क्याने पलीकडे पडते.

आता गिअर लिव्हर. लिव्हर दोन प्रकारे बसवलेले असतात. एका प्रकारात लिव्हर थेट इंजिनमधून आलेल्या शाफ्टवर, बारीक दात्यांवर बसतो आणि एका बोल्टने आवळलेला असतो. दुसऱ्यात लिव्हर फूटरेस्टजवळ वेगळ्या खिळीवर फिरतो आणि एका बारीक रॉडने शाफ्टला जोडलेला असतो. खाली वाकून बघा, रॉड आहे की नाही ते लगेच कळतं.

थेट शाफ्टवरचा असेल तर: शाफ्टच्या टोकावर आणि लिव्हरच्या फटीसमोर रंगाचा किंवा नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. दहाच्या पान्याने बोल्ट सोडा आणि पूर्ण बाहेर काढा. अर्धवट सैल करून लिव्हर ओढला तर तो येत नाही, कारण शाफ्टला एक गोल खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. इथेच लोक हातोडी उचलतात. हातोडीचा ठोका शाफ्टमधून आत गिअरच्या यंत्रणेवर जातो, शिवाय शाफ्टभोवतीचं ऑइल सील दुखावतं आणि महिन्याभरात चेनकव्हरच्या बाजूने तेल झिरपायला लागतं. त्याऐवजी लिव्हरच्या फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पिळा, फट जराशी उघडते आणि लिव्हर हाताने निघतो. गंजला असेल तर तेलाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा.

आता दाते मोजा. ३६० भागिले दात्यांची संख्या, म्हणजे एका दात्याने किती अंश फरक पडेल ते कळतं. ३६ दाते असतील तर १० अंश. लिव्हर शाफ्टपासून रबरापर्यंत १३० मिमी असेल तर एका दात्याने रबर जवळजवळ २३ मिमी खाली येतं. २४ दाते असतील तर १५ अंश, म्हणजे ३४ मिमी. एवढा मोठा टप्पा असल्यामुळेच थेट लिव्हरवर दोन दाते खाली घेणं बहुतेकांना जास्त होतं. एक दाता खाली घ्या, खडूची परीक्षा करा. किंचित कमी-जास्त वाटलं तर ते रबराने भरून काढता येतं: पुढच्या खिळीवर मूळ रबरावर आणखी एक जाड रबरी नळी चढवली की वरून आणि खालून दोन्हीकडे तीन-चार मिमी मिळतात. स्वस्त उपाय आहे आणि बुटाची कातडीही वाचते.

बसवताना लिव्हर शाफ्टवर पूर्ण आत जाऊ द्या, बोल्ट खाचेतून सरळ जातो ना ते बघा. जोर लावून आटे पाडत नेऊ नका. हा बोल्ट बहुतेक एम-६ असतो आणि त्याला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणं पुरतं. टॉर्क पाना नसेल तर बारा सेंमी लांबीच्या छोट्या पान्याच्या टोकाला साधारण आठ किलोचा जोर, एवढंच. बोल्टचे आटे गेले असतील तर सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून त्याच लांबीचा ८.८ ग्रेडचा घ्या, ग्रेड नसलेला मऊ बोल्ट नको. बोल्ट ढिला राहिला तर लिव्हरचे दाते झिजतात, आणि तसंच चालवत राहिलं तर शाफ्टचे दातेही जातात. लिव्हर बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, शाफ्ट बदलायला इंजिनचं कव्हर उघडावं लागतं.

रॉडवाला लिव्हर असेल तर काम जास्त सोपं आणि जास्त बारीक होतं. रॉडच्या दोन्ही टोकांना चेकनट असतात, म्हणजे जुळवलेली जागा हलू न देणारे नट. एका टोकाचे आटे सरळ, दुसऱ्याचे उलटे. उलट्या आट्यांचा चेकनट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने लोक तो आवळत जातात आणि मग नटाच्या कडा गोल होतात. दोन्ही चेकनट सैल झाले की रॉड जागेवरच फिरवायचा, काही काढावं लागत नाही. एम-६ च्या आट्यांचं अंतर १ मिमी असतं आणि दोन्ही टोकांना एकदम फरक पडतो, म्हणून एका फेऱ्यात रॉडची लांबी २ मिमी बदलते. लिव्हरचा पुढचा हात मागच्या हाताच्या तिप्पट असेल तर रबर ६ मिमी हलतं. अर्धा फेरा फिरवा, कुठल्या दिशेला जातं ते बघा, मग पुढे जा.

यात दोन चुका होतात. रॉड इतका बाहेर काढतात की टोकाला दोन-तीन आटेच धरून राहतात. दोन्ही बाजूंना किमान सहा आटे आत असलेच पाहिजेत. आणि चेकनट आवळताना रॉड धरून ठेवत नाहीत, त्यामुळे टोकाचे गोळीजोड एकमेकांना तिरके होतात आणि लिव्हर जड चालतो, गिअर अर्धवट पडतो. रॉडच्या चपट्या भागावर आठचा पाना धरा, दोन्ही जोड एका पातळीत ठेवा, मग चेकनट आवळा. रॉड आणि शाफ्टवरचा हात यांच्यातला कोन काटकोनाच्या जितका जवळ राहील तितका गिअर हलका पडतो. उंची जुळवता-जुळवता हा कोन फारच बिघडला तर शाफ्टवरचा हात एक दाता फिरवून रॉड पुन्हा मधल्या लांबीवर आणा.

दोन्ही प्रकारांत शेवटची तपासणी एकच: लिव्हर पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन तो कशाला अडत नाही ना ते बघा. साइड स्टँड वर घेतलेला असताना, मेन स्टँड खाली आणि वर असताना, इंजिन कव्हरजवळ, सगळीकडे एक बोट तरी जाईल एवढी जागा हवी. लिव्हर शेवटच्या दोन-चार मिमीत अडला तर गिअर पडल्यासारखा वाटतो आणि वेग देताच सुटतो. तसं होत राहिलं की आतल्या दात्यांच्या कडा झिजतात आणि मग लिव्हर नीट बसवूनही गिअर सुटत राहतो.

आता तुमच्या टाच-पंजाच्या लिव्हरबद्दल. हा लिव्हर सी-सॉसारखा आहे: पुढचं टोक २३ मिमी खाली घेतलं की मागची पट्टी वर येते. आधीच तुमची टाच तिथे कष्टाने पोचत होती, आता ती आणखी उंच होईल. म्हणून माझा स्पष्ट सल्ला, टाचेचा वापर सोडा. पुढच्या टोकाखाली पंजा घालून वर उचलायची सवय करा. आठवड्याभरात होते. पण वर आलेली मागची पट्टी पाय खाली टेकवताना पोटरीला किंवा टाचेला लागत असेल तर ती धोक्याची आहे, नकळत गिअर वर जाईल. अशा वेळी त्याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलचा एकेरी, फक्त पंज्याचा लिव्हर मिळतो का ते पाहा. जुना लिव्हर काढून दुकानात न्या आणि दाते जुळवून घ्या. शाफ्टवर नुसता सरकवून हाताने डुगडुगवा. बोल्ट न आवळताही तो जवळजवळ घट्ट वाटला पाहिजे. एकेरी लिव्हर आखूडही मिळतो आणि तोच तुमच्या अंतराच्या प्रश्नाला खरा इलाज आहे, कारण दाते फिरवून उंची बदलते, लांबी फारशी नाही.

लिव्हर आखूड झाला की जोर जास्त लागतो, हे आधीच माहीत असू द्या. १४० मिमीचा ११५ केला तर साधारण २० टक्क्यांहून थोडा जास्त. तो खटकत असेल तर आधी क्लच बघा. क्लचच्या दांडीला १० ते १५ मिमीपेक्षा जास्त प्ले, म्हणजे ताण येण्याआधीची मोकळी हालचाल, असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर जड पडतो आणि दोष लिव्हरला मिळतो.

आखूड लिव्हर मिळेपर्यंत एक बिनखर्ची उपाय: तळवा फूटरेस्टवर दीड-दोन सेंमी पुढे सरकवून बसा. फूटरेस्टची दांडी तळव्याच्या मध्यावर असते, ती टाचेच्या लगेच पुढे येईल. खडूचा पट्टा तेवढाच मागे सरकतो.

गरम करून वाकवण्याबद्दल मात्र ठाम नाही. अ‍ॅल्युमिनियमचा लिव्हर गरम करून वाकवला की बाहेरून दिसत नाही अशी चीर पडते. लोखंडी लिव्हर गाडीवरून काढून चांगल्या वेल्डरकडून आखूड करून घेता येतो, पण गाडीवर असताना कधीही नाही, आच थेट ऑइल सीलला लागते. आणि ब्रेक पेडलला वेल्डिंग कोणत्याही परिस्थितीत नको. गिअर लिव्हर तुटला तर गाडी एकाच गिअरमध्ये घरी येते. ब्रेक पेडल तुटतं तेव्हा ते तुम्ही सगळ्यात जोरात दाबलेलं असतं.

ब्रेककडे जास्त वेळ द्या. इथे तीन गोष्टी एका दोरीत बांधलेल्या आहेत: पेडलची उंची, पेडलचा प्ले आणि ब्रेकलाइट. पहिली बदलली की बाकीच्या दोन्ही आपोआप बिघडतात, आणि बहुतेक मिस्त्री पहिलीच बदलून गाडी परत देतात.

ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडलच्या मागच्या बाजूला चेसीला लागून एक स्टॉपर बोल्ट असतो, त्यावर चेकनट. पेडल वर किती येणार ते हा बोल्ट ठरवतो. चेकनट सैल करा, बोल्ट पेडलच्या दिशेने वाढवा, पेडल खाली येतं. तळवा फूटरेस्टवर, टाच खाली सैल सोडलेली, अशा स्थितीत पंजा पेडलच्या पट्टीच्या जेमतेम वर राहिला पाहिजे, तिच्यावर टेकलेला नको. १० ते १५ मिमी उतरवलं तरी बऱ्याच जणींचं काम होतं. मग पेडल पूर्ण दाबून धरा आणि खाली बघा: सायलेन्सरचा पाइप, फूटरेस्टची दांडी, मेन स्टँड यांच्यापासून दीड-दोन सेंमी तरी मोकळी जागा हवी. ड्रमच्या आत घासणारे ब्रेक शू झिजत जातात तसं पेडल आणखी खाली जातं, ती जागा आज सोडायची.

आता प्ले. पेडल खाली घेतलं म्हणजे ते आधीच थोडं दाबल्यासारखं झालं. ब्रेक रॉड ताणला गेला, शू ड्रमला घासायला लागले. मागच्या चाकाजवळ रॉडच्या टोकावरचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. या नटाला एका बाजूने खोलगट भाग असतो, तो आडव्या पिनवर ‘टक्’ करून बसतो. दर अर्ध्या फेऱ्याला तो बसला आहे हे बोटाने चाचपा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो जागेवर बसतो आणि प्ले बदलतो. पेडलच्या टोकाला २० ते ३० मिमी प्ले ठेवा. चाक हाताने फिरवून सोडलं की ते सैल फिरलं पाहिजे, घासल्याचा आवाज नको.

मोजणी इथे संपत नाही. गाडी मेन स्टँडवरून उतरवा, तुम्ही बसा, मागे कोणाला बसवा आणि प्ले पुन्हा बघा. मागचं चाक धरणारा दांडा एका बिंदूभोवती हलतो आणि ब्रेक रॉड दुसऱ्या, त्यामुळे गाडी दबली की रॉड ताणला किंवा सैल होऊ शकतो. दोघं बसल्यावरही निदान १५ मिमी प्ले राहिला पाहिजे. चेन ताणून घेतली की चाक मागे सरकतं आणि प्ले कमी होतो, म्हणून चेनचं काम झालं की ब्रेकचा प्ले बघितल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका. ब्रेक दाबून धरल्यावर चाकाजवळच्या आर्मवरचा बाण झिजेच्या खुणेपर्यंत गेला असेल तर आधी शू बदला.

तिसरी गोष्ट ब्रेकलाइट. स्विचपासून पेडलपर्यंत एक बारीक स्प्रिंग जाते. पेडल उतरवलं की ती ताणली जाते आणि लाल दिवा कायम पेटलेला राहतो. दिवसा तुम्हाला कळतच नाही. मागचा माणूस दिवा बघून-बघून सरावतो आणि तुम्ही खरोखर थांबता तेव्हा तो थांबत नाही. स्विचचा काळा प्लास्टिकचा नट फिरवून स्विच खाली घ्या. स्विचचं अंग एका हाताने घट्ट धरायचं आणि नटच फिरवायचा; अंग फिरलं तर आतल्या वायर पिळून तुटतात. पेडल साधारण १० मिमी दबल्यावर, ब्रेक धरण्याच्या जरा आधी, दिवा लागला पाहिजे. भिंतीजवळ उभं राहून लाल उजेड बघत जुळवा.

मागे डिस्क असलेल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे पेडल मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याच्या, पुशरॉडला जोडलेलं असतं आणि उंची पुशरॉडच्या आट्यांवर बदलते. पुशरॉड आखूड केला की पेडल खाली येतं. पुशरॉडने पिस्टन आराम स्थितीतही किंचित दाबून ठेवला तर आतलं बारीक छिद्र झाकलं जातं, तापून फुगलेल्या ऑइलला परत टाकीत जायला वाट राहत नाही आणि ब्रेक हळूहळू स्वतःच आवळत जातो. मे महिन्यात चाळिशीपार उन्हात, सिग्नलमागून सिग्नल करत गाडी चालवली की चाक जाम होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पुशरॉडला १ ते २ मिमी तरी मोकळा प्ले हवा, आणि रॉडचं टोक त्याच्या पकडीत पूर्ण शिरलेलं दिसलं पाहिजे. जुळवून झाल्यावर पाच किलोमीटर जा, ब्रेक कमी वापरत थांबा, चाक उचलून फिरवा. डिस्कच्या जवळ तळहात न्या, हात लावू नका. धग जाणवली तर प्ले पुरेसा नाही.

१२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत एप्रिल २०१९ पासून सीबीएस येतं, म्हणजे मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. अशा गाडीत पेडल उतरवलं तर पुढच्या ब्रेकच्या जोडणीचाही ताण बदलतो. ते दोन्ही एकत्र जुळवायचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या. तुमच्या १५० सीसीला हा प्रश्न नाही.

आता मुद्दा सवयीचा. आपल्याकडे पीथमपूरला कायनेटिक होंडा बनायची, तेव्हापासून इंदुरात घराघरांतल्या बायका बिनगिअरच्या गाडीवर तयार झाल्या. तिथे डाव्या पायाला काम नव्हतं आणि मागचा ब्रेक डाव्या हातात होता. तुम्हीही स्कूटरवरून आला असाल तर घाबरल्या क्षणी डाव्या हाताची बोटं क्लच आवळतील आणि उजवा पाय उशिरा हलेल. पेडल योग्य उंचीवर असेल तर हा उशीर कमी होतो, पण सरावाला पर्याय नाही. सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरवर जा, ३० च्या वेगाने वीस वेळा दोन्ही ब्रेकने थांबा. भेरूघाटाचा उतार मात्र हे सगळं जमेपर्यंत नको. नुसता पाय पेडलवर टेकून उतरलात तर ड्रम तापतो, शू चकचकीत होतात आणि घाटाच्या तळाशी पेडल दाबूनही गाडी ओढत राहते. उताराला दुसरा गिअर ठेवा आणि ब्रेक दाबून-सोडून वापरा.

थांबतानाही पायांची वाटणी ठरवा: डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. त्यासाठी पूर्ण थांबण्याआधीच पहिला गिअर पडलेला हवा, म्हणजे डावा पाय मोकळा राहतो. आणि रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला थांबू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. तिथे तुमच्या डाव्या पायाखाली जमीन थोडी खाली असते आणि पाच फुटी माणसाला तेवढ्यात गाडी कलती होते. जवाहर मार्गावर गर्दीत थांबताना लेनच्या मधल्या, उंच भागात थांबा.

काम पूर्ण झाल्यावर ५० किलोमीटरनंतर लिव्हरचा बोल्ट, रॉडचे चेकनट आणि ब्रेकचा स्टॉपर यांना पाना लावून बघा, मग पुन्हा ३०० ला. नेलपॉलिशचा ठिपका प्रत्येक नटावर आडवा ओढून ठेवलात तर वाकून नुसतं बघितलं तरी कळतं. ठिपका तुटलेला दिसला की नट फिरला. भाऊ अधूनमधून गाडी नेणार असेल तर त्याच्यासाठी परत वर करू नका. लिव्हर खाली असलेला उंच माणसाला चालतो, त्याला फक्त घोटा थोडा जास्त वाकवावा लागतो. पण त्याला सांगा की पेडल आता खाली आहे, पहिले दोन-चार ब्रेक मोकळ्या रस्त्यावर लावून बघ.